दगड, धुणं आणि इन्स्टाग्राम

शाळेत काउन्सेलर म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं मुलं येतील, परीक्षेची भीती सांगतील, जरा रडतील, पाणी पिऊन जातील. येतात तशीही. पण हल्ली मुलाच्या आधी त्याचे स्क्रीनशॉट माझ्या टेबलावर येतात. कधी प्रिंट मारून फाइलमध्ये, कधी कुणाच्या तरी आईच्या मोबाईलवर, कधी वर्गशिक्षिका दारातूनच "मॅडम, बघा आपल्या नववी ब चं रत्न" म्हणत फोन पुढे करतात.

त्या स्क्रीनशॉटमध्ये काय असतं ते ज्यांच्या घरात आठवी ते दहावीचं पोर आहे त्यांना थोडंफार माहीत असेल, नसेल तर ऐका. वर्गातल्या मुलीचा झोपेत तोंड उघडं असलेला फोटो (सहलीच्या बसमध्ये काढलेला) त्याचं स्टिकर करून ग्रुपवर फिरवलेलं. शाळेच्या नावाचं कन्फेशन पेज, कोण चालवतं कुणालाच माहीत नाही आणि सगळ्यांना माहीत आहे, त्यावर कोण ढोली, कोण काळी, कुणाचे बाबा पितात. बीजीएमआय (मोबाईलवरचा टीम करून खेळायचा गोळीबाराचा गेम) खेळताना व्हॉइस चॅटवर आईबहिणीचा उद्धार, तो तर आता त्यांना स्वल्पविरामासारखा झालाय. दुसऱ्याच्या नावाने फेक अकाउंट काढून तिसऱ्याला घाण मेसेज. आणि विचारलं की एकच उत्तर, "मॅडम रोस्ट करत होतो, मस्करी."

मोठ्यांचं निदान पण ठरलेलं असतं, मोबाईलने पोरं वाया गेली. दुसरं निदान, संगत. मोबाईलला मी काही संत म्हणत नाही, त्याच्यावर येतेच पुढे. पण इतके स्क्रीनशॉट वाचल्यावर माझं मत असं झालंय की मोबाईलने ह्या पोरांना मैदान दिलं, त्यातल्या बऱ्याच जणांना शस्त्रं घरूनच मिळाली होती.

एक नववीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्यात, बोलणं तेच ठेवलंय.) गेममध्ये टीममधल्या एकाने माती खाल्ली, हरले. इथपर्यंत ठीक. मग ह्याने त्या मुलाच्या इन्स्टावरच्या एकेका फोटोखाली जाऊन लिहायला सुरुवात केली, आणि ते काही दिवस चालूच. शिव्या होत्याच पण शिव्यांचं मला एवढं वाटलं नाही, एक वाक्य मात्र मी परत परत वाचलं. "तुझ्याऐवजी दगड जन्माला आला असता तर धुणं धुवायला तरी कामाला आला असता."

आता हे वाक्य पंधरा वर्षांच्या पोराचं नाही. हे आपल्या आजीच्या काळातलं वाक्य आहे, विहिरीवर नाहीतर मोरीत दगडावर कपडे आपटले जायचे तेव्हाचं. ह्या पोराच्या घरी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन. मी विचारलं, "धुण्याचा दगड बघितलायस कधी?"

"नाही."

"मग हे कुठून आणलंस?"

"बाबा म्हणतात."

"कुणाला?"

"मला." आणि मग खिडकीबाहेर बघत, "नेहमीच म्हणतात, त्यात काय."

बाबांना बोलावलं. चाकणला कंपनीत आहेत, फर्स्ट शिफ्ट करून तसेच आले, बॅग पाठीवर, डोळ्यात झोप. माणूस वाईट नाही हो, हे मी मुद्दाम लिहिते कारण असं काही लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर दारू पिऊन पट्टा उगारणारा बाप येतो. हे गृहस्थ पीत नाहीत, ओव्हरटाईम करून पोराच्या क्लासची फी भरतात, आणि त्यांनी मला छाती पुढे काढून सांगितलं, "मॅडम, माझ्या बापानं मला गुरासारखं मारलंय, पण मी ह्याच्यावर आजवर एकदा हात उचलला नाही. विचारा त्याला." मी मुलाकडे बघितलं, त्याने मान हलवली, खरंच नव्हता उचलला. आणि लगेच पुढचं वाक्य, पोराच्या समोर, माझ्या समोर, "पण हा काय दिवे लावणार आहे ते दिसतंच आहे. मावसभाऊ बघा ह्याचा, एकाच वर्षाचे दोघं, तो कुठे आणि हे ध्यान कुठे."

तेवढं एक मिनिट जे मी बघितलं ना, ते त्या घरात रोज चालत असणार. आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही कारण हात उचललेला नाही. वळ उठला तर शेजारीण पण विचारते काय झालं म्हणून. बोलण्याचा वळ कुणाला दिसतो?

२००७ साली केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने बाल अत्याचारावर एक मोठा अभ्यास केला होता, तेरा राज्यांत, त्यात आपला महाराष्ट्रही होता आणि गोवाही, बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलले. त्यातलं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण तेव्हा खूप गाजलं, पेपरमध्ये हेडलाइन वगैरे. भावनिक छळाचं प्रकरण कुणी फार वाचलंच नाही. त्यात त्यांनी मुख्यतः दोन गोष्टी धरल्या होत्या, अपमान करणं आणि तुलना करणं. फक्त एवढ्याच. आणि दर दोन मुलांपैकी एकाने सांगितलं की हो, आमच्या बाबतीत होतं. मुलगे मुली जवळजवळ सारखेच. आणि करणारं कोण? ८३ टक्के प्रकरणांत आईवडील. मी हा आकडा पालकसभेत सांगते तेव्हा हॉलमध्ये हसू फुटतं, "म्हणजे आम्ही सगळेच की" असं. हो, तेच सांगतेय.

लगेच प्रश्न येतो, मग काय पोराला ओरडायचंच नाही? ओरडा ना. सिग्नल तोडून सायकल काढली तर ओरडायलाच पाहिजे, मी पण ओरडते. दूध उतू गेलं म्हणून एखाद दिवशी तोंडातून काहीतरी निघून गेलं, ते पण घरोघरी होतं, संध्याकाळी आई जवळ घेते आणि विषय संपतो. मी बोलतेय ते वेगळं, जे रोजचं आहे आणि जे कामावर नाही तर माणसावर आहे. "हे गणित चुकलं" आणि "तू आहेसच ढ" यातला फरक. "तू झालास म्हणून मी ह्या घरात राहिले, नाहीतर केव्हाच गेले असते" हे पोराला ऐकवणं. पाहुण्यांसमोर कमी मार्कांचा विषय काढणं. रंगावरून, वजनावरून घरातच ठेवलेली नावं, प्रेमाने म्हणे. आणि घाबरवणं, होस्टेलला टाकीन, आजोळी सोडून येईन, मी विहीर जवळ करीन मग बसा सगळे. आपल्याकडे ह्याला कुणी छळ म्हणत नाही, ह्याला वळण लावणं म्हणतात.

अमेरिकेत हार्वर्डच्या मॅक्लीन हॉस्पिटलमधल्या मार्टिन टायशर ह्यांनी २००६ मध्ये तरुण मुलामुलींवर केलेला अभ्यास आहे, घरात लहानपणी शब्दांचा मार खाल्लेल्यांचं पुढे काय होतं ह्यावर. नैराश्य, चिंता, राग ह्या सगळ्यात शब्दांच्या माराचा परिणाम घरातली मारामारी डोळ्यांनी बघण्याच्या तोडीचा निघाला. तोडीचा. आणि आपण म्हणतो बोललोच तर आहे, मारलं थोडंच.

बरं आता मूळ मुद्दा, घरात ऐकून घेणारं पोर बाहेर जाऊन, तेही मोबाईलवरच, का बोलतं. पोपटासारखं ऐकलेलं बोलतं हे झालंच, धुण्याच्या दगडाचं तेच आहे. पण नुसतं तेवढं नाही. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट, आणि ती मी त्या मुलाबरोबर बसल्यावर अगदी जवळून बघितली.

केनेथ डॉज म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, १९८० पासून ते आणि त्यांचे सहकारी एकाच गोष्टीच्या मागे आहेत. मुलाला अशी घटना द्यायची जिच्यात समोरच्याचा हेतू कळत नाही, म्हणजे मागून येणाऱ्याचा धक्का लागला आणि तुझं काहीतरी सांडलं, त्याने मुद्दाम केलं का? बहुतेक मुलं म्हणतात चुकून झालं असेल. भांडखोर म्हणून ओळखली जाणारी मुलं बऱ्याचदा म्हणतात, मुद्दाम. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं की लहानपणी घरात मार खाल्लेल्या मुलांमध्ये ही मुद्दाम बघण्याची सवय जास्त असते आणि तीच पुढे मारामारीकडे नेते. तो अभ्यास मारहाणीचा होता, पण नंतर शब्दांच्या छळाबद्दल, आणि पुढे ऑनलाइन त्रास देण्याबद्दलही लोकांनी हेच तपासलं, विशेषतः चीनमध्ये शाळकरी मुलांवर बरंच काम झालंय, आणि हा दुवा परत परत सापडतो. आणि ह्यात पोराचा मूर्खपणा काही नाही बरं का. ज्या घरात बाबांच्या चपलेच्या आवाजावरून आज मूड कसा आहे ते ओळखावं लागतं त्या घरातलं पोर धोका लवकर ओळखायला शिकतं, त्याला त्याचा तिथे उपयोगच होतो. फक्त ते शिकलेलं बंद करता येत नाही.

आता हे पोर मोबाईलवर आणून बसवा. तिथे चेहरा नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. कुणीतरी "ओके" लिहिलं. पुढे टिंब दिलं. का दिलं? मेसेज सीन करून उत्तर नाही, का नाही? ग्रुपवर कुणीतरी नाव न घेता टाकलं "काहींना खेळताच येत नाही" आणि खाली चौघांनी हसून डोळ्यांत पाणी आलेला इमोजी. माझ्यावरच हसतायत. आपण मोठे लोक तरी काय वेगळे, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून काय काय चालतं ते आठवा. पण आपल्याला निदान कधीतरी वाटतं की जाऊ दे, घाईत लिहिलं असेल. ह्या मुलांना ते सुचतच नाही.

त्या मुलाने ज्या मेसेजवरून एवढं महाभारत केलं तो मेसेज काय होता माहितेय? "बरं". फक्त बरं. हरल्यावर ह्याने त्याला लिहिलं "तुझ्यामुळे गेली मॅच", त्याने लिहिलं "बरं". मी तो प्रिंटआउट घेऊन मोठ्याने वाचला, साधा. मग थकलेला बरं वाचला, मग सॉरी वाटेल असा बरं. मुलगा वैतागला, "तसं नाही मॅडम, तो असं म्हणाला," आणि त्याने वाचून दाखवला. खालचा ओठ थोडा बाहेर, मान तिरकी, आवाज ताणून, "बऽऽरं". मी गप्पच बसले. कारण ती मान आणि तो आवाज मी आदल्या दिवशीच त्याच खुर्चीत बघितला होता. बाबांचा होता तो. समोरच्या मुलाने दोन अक्षरं टाइप केली होती, त्यात आवाज ह्याने घरचा भरला.

जॉन सुलर म्हणून एका मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्ये, म्हणजे इन्स्टा वगैरेच्या खूप आधी, लिहून ठेवलंय की ऑनलाइन माणसाचा बांध का सुटतो. नाव लपतं, आपण कुणाला दिसत नाही, उत्तर लगेच ऐकावं लागत नाही, वरिष्ठ-कनिष्ठ असलं काही राहत नाही, हे सगळे सांगतात. पण त्याच्या यादीत एक गोष्ट आहे तिकडे फार कुणी बघत नाही, की मजकूर वाचताना समोरच्याचा आवाज आपण आपल्याच डोक्यात तयार करतो, जणू ते माणूस आपल्या आतच बोलतंय. ज्याच्या डोक्यात आधीच कुणीतरी चोवीस तास बोलत बसलंय त्याचं काय होत असेल.

आणि वरिष्ठ-कनिष्ठ राहत नाही हा मुद्दा आपल्या घरांना फार लागू पडतो. बापापुढे ब्र काढायचा नाही, उलट बोललास तर याद राख, डोळे खाली. हे पोर जेवताना ऐकून घेतं, ताटातलं संपवतं, खोलीत जातं आणि फोन हातात घेतं. तिथे त्याला कुणी डोळे खाली कर म्हणत नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं. शिक्षकांनी मला बरेचदा सांगितलंय, "अहो वर्गात तर एकदम गरीब मुलगा आहे, ह्याने लिहिलं असेल वाटत नाही." वर्गात गरीब आहे म्हणूनच तर तिकडे तसा आहे, मॅडम.

मुलींचं जरा वेगळ्या वाटेने जातं, सगळ्यांचं नाही, पण मी बघितलेल्या बऱ्याच जणींचं. एक दहावीतली मुलगी, हुशार, नीटनेटकी, अक्षर मोत्यासारखं. तिच्याबद्दल तक्रार अशी की ती एका मैत्रिणीला रात्री दहा वाजता ग्रुपमधून काढते आणि सकाळी परत घेते. शिवी नाही, घाण शब्द नाही, काहीच नाही. नुसतं काढायचं आणि घ्यायचं. मैत्रिणीची झोप उडाली होती, ती रात्रभर बघत बसायची आता काय बोलत असतील. हिला विचारलं का करतेस तर म्हणाली, "ती नीट वागली की घेते ना परत." मला त्यात कुणाचा तरी वास आला म्हणून घरचं विचारत गेले. आई अबोला धरते. चाचणीत मार्क कमी आले, उलट बोलली, ओढणी नीट घेतली नाही, काहीही, आई बोलणं बंद करते, ताट वाढते पण बोलत नाही, कधी दोन दिवस, कधी आठवडा. "मग एक दिवस ती आपणहून बोलते, तेव्हा कळतं की संपलं." त्या आईने मुलीला उभ्या आयुष्यात वाईट शब्द वापरला नसेल. आणि मुलीने पण नाही वापरला. आडात होतं तेच पोहऱ्यात आलं, फक्त शब्दांच्या जागी कृती होती.

कोलंबिया विद्यापीठातल्या जेराल्डिन डाउनी ह्यांनी नव्वदीच्या दशकात ह्यावर लिहिलंय, की ज्याला लहानपणी परत परत झिडकारलं जातं ते माणूस पुढे झिडकारलं जाण्याच्या नुसत्या शंकेने भडकतं, आणि भडकण्यामुळे लोक खरोखरच दूर जातात, म्हणजे त्याची भीती खरी ठरते. काढून टाकणं, ब्लॉक, अनफॉलो, सीन, ह्या सगळ्या बटणांवर ह्या मुलांचा जीव अडकलेला असतो. त्या मला काढून टाकतील ह्या भीतीपायी मीच त्यांना आधी काढते, असं त्या मुलीनेच नंतर सांगितलं. मला पुस्तकात शोधावं लागलं नाही.

आता थोडं थांबून दुसरी बाजू, नाहीतर उद्या कुणीतरी हे फॉरवर्ड करेल की ऑनलाइन शिव्या देणारं प्रत्येक पोर घरी छळलेलं असतं. तसं नाहीये. चांगल्या प्रेमळ घरातली मुलंसुद्धा टोळीत भाव मिळावा म्हणून भयंकर लिहितात, ती मी बघितलीत, त्यांचे आईबाप खरोखर थक्क होऊन समोर बसलेले असतात. आणि घरात रोज पाणउतारा सोसणारी कितीतरी मुलं कुणालाच काही करत नाहीत, स्वतःलाच खात बसतात, त्यांचे स्क्रीनशॉट येत नाहीत म्हणून ती माझ्यापर्यंत पोचतच नाहीत, खरं तर काळजी त्यांची जास्त. काही दोन्हीकडे असतात, आज खातात उद्या देतात. अभ्यासांचंही असं की बहुतेक वेळा मुलांना एकदाच प्रश्नावली देऊन घरचं आणि ऑनलाइनचं दोन्ही विचारतात, त्यामुळे दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढं नक्की, हिच्यामुळे ती झाली हे शपथेवर नाही सांगता येत. धोका वाढतो, एवढंच. पण एवढंच काही कमी नाही.

आणि दुसरं, ज्याला त्रास झाला त्याचं आधी. हे मला ओरडून सांगावंसं वाटतं कारण आमच्या क्षेत्रात पण त्रास देणाऱ्याची करुण कहाणी ऐकता ऐकता ज्याने ऐकून घेतलं ते पोर बाजूला राहतं. त्याच्या पोस्टखालची घाण आधी निघाली पाहिजे, अकाउंट रिपोर्ट झालं पाहिजे, स्क्रीनशॉट जपून ठेवले पाहिजेत, त्याला शाळेत बाक बदलून हवा असेल तर मिळाला पाहिजे. फेक अकाउंट, मुलीचे अश्लील फोटो असलं काही असेल तर सरळ सायबरचं सरकारी पोर्टल नाहीतर पोलीस, तिथे "मुलं आहेत, समजावून सांगू" नाही. (नुसत्या टोमण्यांना, बोचऱ्या बोलण्याला मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्याचं पूर्वीचं ६६अ कलम आता लागत नाही, सुप्रीम कोर्टाने २०१५ लाच ते रद्द केलंय. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, आठवत असेल. तरी आजही तावातावाने येणाऱ्या पालकांच्या तोंडी तेच कलम असतं.) बाबा तुझ्याशी वाईट बोलतात म्हणून तू दुसऱ्याशी बोललास तर चालेल, असं मी कुठल्याच पोराला सांगत नाही. तो धुण्याच्या दगडवाला मुलगा माझ्याकडे आला तेव्हा पहिलं काम त्याने एकेक कमेंट स्वतः डिलीट करण्याचं केलं, मी शेजारी बसून.

पण शिक्षा म्हणून आपण जे करतो त्यावर माझा खरा राग आहे. एका शाळेत, नाव नाही घेत, अशाच प्रकारात मुलाला प्रार्थनेच्या वेळी माईकवर उभं करून त्याने लिहिलेल्या कमेंट वाचायला लावल्या. सगळ्या शाळेसमोर. पोरं हसली, काहींनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापकांना वाटलं धडा मिळाला. मिळाला की, चार लोकांसमोर माणसाची लाज काढली की आपण मोठे होतो हा धडा. लवकरच नवीन फेक अकाउंट आलं, ह्या वेळी त्याला पकडता आलं नाही कारण तो हुशार झाला होता. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या १७ व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, स्टाफरूममध्ये विचारून बघा किती जणांना माहीत आहे. घराबाबतीत पण बाल न्याय कायदा २०१५, कलम ७५, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला नाहक मानसिक त्रास दिला तरी गुन्हा. म्हणून काय मी त्या चाकणच्या बाबांवर केस करायची का? नाही, आणि मला करायची पण नाहीये. पण कायद्यालासुद्धा हे छळ वाटतं एवढं तरी कानावर असावं.

घरी तेच. स्क्रीनशॉट कळले की फोन आपटायचा, नाहीतर काढून घ्यायचा, आणि त्याबरोबर तासभर ऐकवायचं, तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस, कुळाला बट्टा. फोन काढून घ्या, थोडे दिवस काढून घ्यायलाच हवा कधीकधी, मी स्वतः सांगते काढा. पण गप्प राहून काढा. रात्री अमुक वाजता फोन हॉलमध्ये, चार्जर हॉलमध्ये, मुलाचा आणि तुमचाही, बस. त्यासोबत जे भाषण येतं ना, तेच तर त्याचं पुढच्या वेळचं साहित्य आहे.

त्या बाबांना मी हे सांगितलं तेव्हा म्हणाले, "मग काय ओवाळू काय ह्याला?" मी म्हटलं, "नका ओवाळू. एक महिना मावसभावाचं नाव घरात काढू नका, एवढंच करा." ते हसले, म्हणजे एवढं सोपं काम दिलं म्हणून. नंतर फोन आला की मॅडम हे फार अवघड आहे, तोंडात येतंच. म्हटलं, येऊ दे तोंडात, बाहेर नको. त्यांनी माफी वगैरे काही मागितली नाही पोराची, आपल्याकडे बाप माफी मागत नाहीत, पण एकदा म्हणे तोंडातून अर्धं वाक्य गेलं आणि ते मध्येच थांबून "पाणी आण जरा" म्हणाले. पोरानेच सांगितलं मला, हसत. मुलाबरोबर मी काय केलं तर फार मोठं काही नाही. राग आला तो मेसेज आधी मला किंवा वहीत लिही, त्याचे अजून तीन अर्थ काढ, मग पाठव काय पाठवायचं ते. पहिल्यांदा त्याला दुसरा अर्थच सुचायचा नाही. आता सुचतो, कधी कधी. मधे एकदा परत घसरला, दुसऱ्या कुणाशी तरी, पण ह्या वेळी कमेंट त्याने स्वतःच काढली आणि मग मला सांगायला आला. माझ्या दृष्टीने हे बरंच झालं, त्याच्या बाबांच्या दृष्टीने "परत तेच केलं".

ज्या मुलांना शाळेत कुणाशी बोलायला जमत नाही त्यांच्यासाठी १०९८ आहे, लहान मुलांची हेल्पलाइन, आणि मन फार बिघडलं असेल तर टेलिमानस १४४१६, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं. पालकांनी पण लावला तरी चालतो, टेलिमानस काही फक्त मुलांसाठी नाही.

एक राहिलंच, क्लासवाले. घरावर एवढं बोलले पण हल्ली बहुतेक क्लासचा पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो आणि दर टेस्टनंतर त्यावर सगळ्या मुलांची नावासकट मार्कांची यादी पडते, खालच्या चार नावांपुढे लाल रंग. दीडशे घरांत ती यादी एकाच वेळी उघडली जाते, जेवणाच्या वेळेला. मी एका क्लासच्या सरांना जाऊन भेटले, म्हटलं ज्याचे त्याला पाठवा ना. सर म्हणाले पालकांनाच हवी असते मॅडम, नाही टाकली तर फोन येतात, दुसऱ्यांच्या मुलाला किती मिळाले ते कळत नाही म्हणून. खरं असेल ते. तेव्हा तुमच्या ग्रुपवर अशी यादी येत असेल तर सरांना तुम्ही मेसेज टाका, जमलं तर ज्यांची मुलं वरच्या नंबरात आहेत त्यांनी आधी टाका, कारण खालच्यांच्या पालकांनी टाकला तर त्याला कुणी विचारत नाही. आणि सर काय म्हणाले ते मला कळवा.